आत्याचा धवला, सात सेकंद उशिरा

माझ्या धाकट्या बहिणीला हळद लागली तेव्हा मी मांडवात नव्हते. मी तिची सख्खी मोठी बहीण, म्हणजे मानाची करवली. पण त्या वेळी मी आत्याच्या पडवीत एका जुन्या कॉम्प्युटरसमोर बसले होते. आजही कोणी लग्नाचा अल्बम चाळला की विचारतं, "तू एकाही फोटोत कशी नाहीस गं?" मी सांगते, मी धवला पाठवत होते. ऐकणाऱ्याला वाटतं मी चेष्टा करते.

आमच्याकडे लग्नात धवलारीण लागते. लग्नातला एकेक विधी गाण्यातून चालवणारी बाई. ती गाते त्याला धवला म्हणतात. ती एक ओळ म्हणते, भोवतीच्या बाया तीच ओळ उचलून म्हणतात, आणि ओळीत जे सांगितलं ते समोर घडतं. पाट मांडा म्हटलं की पाट मांडायचा. मामाला बोलवा म्हटलं की मामानं पुढं यायचं. धवलारणीला पाठांतर लागतंच, पण नुसतं पाठांतर पुरत नाही. मांडवात कोण आलंय ते बघून ती त्या माणसाला ओळीत घेते. ओळीत नाव आलं नाही म्हणून रुसून जेवायला न बसलेले पाहुणे मी पाहिलेत.

माझी आत्या धवलारीण. बाबांची थोरली बहीण, कर्जतच्या बाजूला डोंगराखालच्या गावात दिलेली. आम्ही खालापूरकडचे. आत्यानं शाळेची पायरी चढलेली नाही. मी आमच्या अख्ख्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे मी लाजत सांगत नाही, कारण ते मी मिळवलंय. कर्जतला एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मी नोकरी करते. पण त्या आठवड्यात आमच्या दोघींत जास्त शिकलेली कोण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

लग्नाला पंधरा दिवस राहिले होते आणि आत्या गोठ्याच्या पायरीवरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, दीड महिना गाडीत बसायचं नाही. त्यात तिच्या गावचा रस्ता असा की धडधाकट माणसाचीही कंबर बोलायला लागते.

बहिणीला कळलं तेव्हा ती म्हणाली, "आत्याचा धवला नसंल तर मला हळद लावू नका. आमी रजिस्टर करतो आन मोकळं होतो."

आईला वाटलं, पोर रागात बोलते. मला माहीत होतं, ती रागात नव्हती. लहानपणी तिला मोठा ताप आला होता, तेव्हा आत्या तिला महिनाभर स्वतःकडं घेऊन गेली होती आणि रोज धवले म्हणून झोपवत होती. ती एकेक ओळ बहिणीच्या अंगात मुरलेली होती. बाबांनी दुसऱ्या धवलारणीचं नाव काढलं, तर ही उठून आत निघून गेली. मंडपवाल्यानं सुचवलं, "रेकॉर्डिंग करून आणा ना, मी स्पीकरवर लावतो." मी आत्याला फोन करून विचारलं.

"येडी का खुळी तू?" आत्या म्हणाली. "आलेल्या मानसाला हाक मारायची असती. कोन येनार, कोन रुसनार, ते आज कसं गाऊन ठिवू?"

म्हणजे आत्याला मांडव दिसायला हवा होता आणि मांडवाला आत्या ऐकू यायला हवी होती. मी बहिणीला शब्द देऊन बसले, "आत्या गाईल. मी बघते."

सगळे म्हणाले, त्यात काय, व्हिडिओ कॉल कर. मीही आधी तेच केलं. आत्याच्या खाटेशी बसून फोनवर आईला लावला आणि आत्याला म्हटलं, गा. आत्यानं पहिली ओळ उचलली. आमच्या धवल्यात ओळीच्या शेवटी सूर लांब ओढतात. पलीकडून आई म्हणाली, "ऐकू येत न्हाय. मधीच गायब होतात वन्सं." तीनदा तसंच झालं. मग मला उमगलं. व्हिडिओ कॉलवाले बोलणं साफ ऐकू यावं म्हणून बाकीचा आवाज पुसून टाकतात. पंखा, मिक्सर, गाडीचा भोंगा. आत्याचा लांबलेला सूर त्यांच्या हिशोबी पंख्यात जमा होत होता.

मी हे आत्याला सांगितलं. तिनं फोनकडं असं बघितलं की फोनला कान असते तर ते लाल झाले असते. "माजं गानं त्येला केर वाटला व्हय? फेक तिकडं."

तेव्हा मला लॅबमधला माझा कॉम्प्युटर आठवला. कॉलेजनं नवीन मशीनं घेतली तेव्हा जुनी भंगारात चालली होती. त्यातलं एक मी मागून घेतलं होतं आणि त्यावर लिनक्स चढवलं होतं. लिनक्स कोणा एका कंपनीचं नाही. जगभरच्या लोकांनी थोडं थोडं लिहून उभं केलेलं, आणि ज्याला वाटेल त्यानं आत डोकावून बघावं असं. थेट प्रक्षेपणाचं सॉफ्टवेअरही त्याच जातीचं मिळतं. त्यात आवाज साफ करायचा खटका आहे, पण तो लावायचा की नाही हे मी ठरवणार. मला तेवढंच हवं होतं.

टेंपोत कॉम्प्युटर, मॉनिटर, कॅमेरा आणि कॉलेजच्या कार्यक्रमांचा माइक घालून मी लग्नाच्या तीन दिवस आधी आत्याकडं पोचले. गोधडीत गुंडाळलेला मॉनिटर बघून आत्या म्हणाली, "बाळंतीन आनलीस का काय?" तिच्या घरात न तुटणारी रेंज फक्त पडवीच्या एका टोकाला येते, गोठ्याच्या बाजूला. मग तिची खाटही तिकडंच सरकवली. माझा मोबाईल वाशाला बांधला आणि त्याची वायर खाली कॉम्प्युटरला जोडली; बोलायला आत्याचा फोन हाताशी ठेवला. शेजारी म्हैस रवंथ करत होती. ती अधूनमधून आमच्याकडं बघायची, पण तिनं तिन्ही दिवस माइकची मर्यादा राखली.

पहिला दिवस माइकमध्येच गेला. सॉफ्टवेअर चालू, पडद्यावर आत्या दिसतेय, पण आवाजाची हिरवी पट्टी ढिम्म. मी काळी खिडकी उघडून एकेक आज्ञा टाइप करत होते. आत्या उशीला टेकून बघत होती.

"पाटीवर काय लिवतेस?"

"विचारते त्याला, माइक कुठं आहे म्हणून."

"मग काय बोलतो?"

"म्हणतो, आहे."

"मग नवऱ्यावानी बोलतो म्हन की. हाय बोलतो आन जागचा हालत न्हाय."

शेवटी कळलं की ते माइकऐवजी कॅमेऱ्याच्या आतल्या कानानं ऐकायचा प्रयत्न करत होतं, आणि तो कान मीच आधी कधीतरी बंद केला होता. हे मला स्वतःहून सापडलं नाही. कुठल्यातरी देशातल्या कोणीतरी नेमकी हीच अडचण लिहून ठेवली होती आणि दुसऱ्या कोणीतरी खाली उत्तर लिहिलं होतं, शांतपणे, पायरी पायरीनं. दोघांनाही मी ओळखत नाही. त्या उत्तरासाठी त्यांना आमच्या हळदीचं जेवण द्यायला हवं होतं, असं मी आजही मानते. मी योग्य माइक निवडला, आत्या "आता?" म्हणाली आणि हिरवी पट्टी सळसळत वर गेली. आत्यानं पुन्हा "आता?" म्हटलं, मग हळू म्हटलं, मग जोरात. पट्टी तिच्या आवाजाबरोबर वरखाली होत होती.

"हे केलं कुनी?"

"खूप जणांनी. कोण ते माहीत नाही."

"मालक?"

"मालक नाही."

"मंजी धवल्यासारखंच," आत्या म्हणाली आणि पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी मांडवाशी जोडून बघितलं. रसायनीच्या कारखान्यात कामाला असलेला माझा चुलतभाऊ रजा काढून आला होता. त्याचा लॅपटॉप मांडवात, त्याच्या कॅमेऱ्यातून मांडव आम्हाला दिसणार आणि त्याच्यातूनच आत्याचा आवाज मंडपवाल्याच्या स्पीकरवर जाणार. आत्याच्या कानावर मी हेडफोन लावले. आईनं शेजारच्या चार बाया तालमीला बसवल्या होत्या. आत्यानं ओळ म्हटली. आणि काहीच झालं नाही. पडद्यावर बाया नुसत्या बसलेल्या. मग एकदम त्यांनी ओळ उचलली. आत्यानं त्यांचं संपेपर्यंत वाट पाहिली आणि दुसरी ओळ धरली, तर तिकडून बायांनी भलतीच ओळ चालू केलेली. बघता बघता दोन वेगळे धवले एकमेकांच्या पायात आले.

चुलतभाऊ फोनवर म्हणाला, "ताई, आत्या मधीच थांबते ना, म्हणून बाया पुढचं म्हणतात."

बायांचं काहीच चुकलं नव्हतं. धवलारीण अडखळली तर मागच्या बायांनी गाणं उचलून पुढं न्यायचं, मांडवात शांतता पडू द्यायची नाही, ही आमची रीत. त्या आत्याला सांभाळून घेत होत्या. अडखळलेली आत्या नव्हतीच. तिचा आवाज तिकडं पोचायला वेळ लागत होता आणि त्यांचा उलट यायला तेवढाच.

मी घड्याळ लावून मोजलं. जायला-यायला मिळून बारा सेकंद. आत्यानं विचारलं, आवाज वाटेत कुठं थांबतो? मी तिला समजेल असं सांगायला म्हणून म्हटलं, "आत्या, नळाला पाणी कमीजास्त येतं ना, म्हणून आपण आधी हंडा भरून ठेवतो. धार तुटली तरी हंड्यातलं वापरायला होतं. तसं हे आवाजाचा हंडा भरतं आणि मग देतं."

"मग हंडा कशाला ठेवलास? तांब्या ठेव."

मी हसले, आणि मग हसायची थांबले. खरंच होतं ते. साठा किती ठेवायचा त्याचा आकडा माझ्याच हातात होता. मोठा आकडा होता, कारण सगळे ठेवतात म्हणून मीही ठेवला होता. मी तो उतरवत गेले. फार उतरवला की आवाज तुटायचा. आत्या पडल्या पडल्या विचारायची, "पेला झाला का? पेला नको, तांब्या बरा." शेवटी जाऊन-येऊन सात सेकंदांवर आवाज न तुटता टिकला. त्याखाली आमच्या पडवीतली रेंज जाऊ देईना.

पण सात सेकंदांची शांतताही बायांना पुरेशी होती. पुन्हा त्यांनी पुढची ओळ उचलली. मी हात टेकले. आईला म्हटलं, बायांना सांग, थांबत जा. आई म्हणाली, "सांगीन गं, पर मांडव भरल्यावर कोन ऐकंल? पन्नास बाया असतील."

 आत्या डोळे मिटून ओठ हलवत होती. मला वाटलं दुखतंय. मग तिनं हेडफोन काढून माझ्या मांडीवर ठेवले.

"मला त्यांचं ऐकवू नको. नुसतं दाव."

"ऐकल्याशिवाय कसं गाशील?"

"त्यांचं माज्याकडं उशिरा येतंय, मान्य. पर त्या ओळ केवढ्या येळात म्हनतात ते मला ठावं हाय. मीच शिकवलंय त्यांना. मी माजी ओळ म्हनीन, त्यांची मनात म्हनीन, आन फुडची धरीन. त्यांच्या मांडवात बराबर पडंल का न्हाय?"

मी कागद घेतला. आत्याची ओळ साडेतीन सेकंदांनी पोचेल, बाया म्हणतील, त्यांचं संपेल नेमकं तेव्हाच आत्याची पुढची ओळ पोचेल. कारण तीही साडेतीन सेकंद आधी निघालेली असेल. उशीर सगळ्या ओळींना सारखाच, म्हणजे मांडवात तो कोणाला दिसणारच नाही. मी पदवीला हे शिकलेय. परीक्षेत लिहिलंयही. तरी ते मला सुचलं नाही आणि आत्यानं डोळे मिटून काढलं.

तिनं सुपातले मूठभर तांदूळ मागून घेतले. एक ओळ म्हणायची, मग बायांची ओळ मनात म्हणताना एकेक दाणा या तळव्यातून त्या तळव्यात टाकायचा, दाणे संपले की पुढची ओळ. आम्ही पुन्हा जोडणी करून बघितली. चुलतभावाचा फोन आला, "ताई, काय केलंस? एकदम बरोबर आलं. आत्या हितंच बसल्यासारखी." मी म्हटलं, मी नाही केलं.

हळदीच्या दिवशी आत्याकडचे सगळे सकाळीच निघून गेले. घरात आम्ही दोघी, आणि म्हैस. आमच्या घरात हळद दुपारी उन्हातच लावतात, नाचगाणं त्यानंतर. आत्यानं मला हिरवी साडी नेसवायला लावली, केसांत अबोली माळून घेतली. मांडवातल्या लॅपटॉपवर तिचा चेहरा दिसणार होता ना. सुरुवातीला मान स्वीकारायचा असतो म्हणून हेडफोन तिच्याच कानावर ठेवले. पडद्यावर मांडव भरलेला. मधोमध पाटावर बहीण, पिवळ्या साडीत, आणि तिची नजर सरळ आमच्याकडं.

आणि पडदा लाल झाला.

पूर्ण लाल, गडद. मांडव नाही, बहीण नाही.  मी काळी खिडकी उघडली. चित्राचा प्रवाह चालू दाखवत होता. मी तो बंद करून पुन्हा चालू केला, लालच. मॉनिटरची केबल हलवली. रंगाची सेटिंग बघितली. नोंदींच्या ओळी भराभर वर सरकत होत्या आणि त्यात कुठंही चूक लिहिलेली नव्हती. चुलतभावाला फोन लावला तर तो उचलेना. मांडवातल्या गडबडीत त्याला ऐकू कुठून येणार? हळदीची वेळ झालेली. बहीण म्हणेल, ताईनं शब्द दिला होता.

"आत्या, बंद पडलं गं," मी म्हटलं. माझा आवाज रडका झाला होता.

आत्यानं हात वर केला, गप्प बस म्हणून. हेडफोनवर तळवा दाबून ती ऐकत होती.

"बंद न्हाय पडलं. तुजी आई बोलली, घ्या वन्सं मान. मग बांगड्या वाजल्या, अगदी जवळ. आन मग लाल झालं." ती हसायला लागली, खुबा धरून. "अगं, त्यांनी मला कुंकू लावलंय!"

धवलारीण गायला बसली की आधी तिला हळदकुंकू लावायचं, ओटी भरायची, मगच गाणं. आई ही रीत चुकवणार नव्हतीच. पाटावर ठेवलेल्या लॅपटॉपसमोर तिनं नारळ ठेवला आणि कुंकवाचं बोट पुढं केलं. आत्याच्या तोंडावर, म्हणजे काचेवर लावलं तर चित्र खराब होईल म्हणून तिनं वरच्या कडेला लावलं. तिथं मधोमध एक बारीक गोल ठिपका होता. कुंकवासाठीच ठेवल्यासारखा. तो कॅमेरा होता.

आत्या माइकमध्ये म्हणाली, "वैनी, मान पावला. आता माज्या डोळ्यातलं कुंकू पुसा, म्हंजी मला पोरगी दिसंल."

सात सेकंद. मी मोजले. मग लाल पडदा हलला, पदराचं टोक आलं, आईचा केवढा तरी मोठा चेहरा, आणि तिच्या मागं सगळा मांडव पोट धरून हसताना. बहीणही हसत होती. कुंकू पुरतं निघालं नाही. शेवटपर्यंत चित्राच्या एका कोपऱ्यात लालसर धुकं राहिलं.

आत्यानं हेडफोन काढून मला दिले, तांदूळ तळव्यात घेतले आणि गायला लागली. आजारपणात तिचा आवाज बसला असेल अशी मला भीती होती. हिरवी पट्टी पहिल्याच ओळीला वर गेली ती खाली आलीच नाही. देवांना बोलावलं, शिवारातल्या पाण्याला बोलावलं. हेडफोनमधून मला आत्याचा मागचा सूर आणि त्यावर पन्नास बायांचा आवाज ऐकू येत होता, एकाला एक लागून, कुठंही फट नाही. इकडं माझ्यासमोर आत्या पुढच्या ओळीला पोचलेली. ती पडद्यावर बघायची आणि माणसं ओळीत घ्यायची. मामा आत येताना दिसला की मामा. मागं खांबाआड उभ्या असलेल्या, कोणाशी फारसं न बोलणाऱ्या एका चुलतीलाही तिनं शोधून काढलं आणि हाक मारली. ती बाई पदर डोळ्याला लावत पुढं आली. आम्ही मॉनिटरवर ते सात सेकंद उशिरा पाहिलं.

मग हळद लावायची पाळी करवलीची. ओळीत करवलीला पाटाशी बोलावतात. मी खाली मान घालून साठ्याचा आकडा बघायला लागले. तो ठीक होता, तरी बघत राहिले. तिकडं कोणी चुलतबहीण उभी राहील असं आम्ही ठरवलं होतं.

आत्याचे दाणे संपले, पण तिनं ओळ धरली नाही. पहिल्यांदाच ती थांबली. माझ्याकडं बघितलं. मग गायली. तिनं गायलं की करवली धवलारणीच्या शेजारी बसलीय, तिचे हात गुंतलेत, तिच्या नावाची हळद ठेवून द्या.

ती ओळ मी पडवीत ऐकली. पडद्यावर बहीण अजून हसतच होती. तिला ते अजून पोचायचं होतं. मी तिच्याकडं बघत बसले. मग तिचं हसू थांबलं, तिनं मान वर केली, पन्नास बायांनी ओळ उचलली आणि बहिणीनं हळदीच्या वाटीत बोटं बुडवून ती सरळ आमच्याकडं पुढं केली.

या खेपेला पडदा पिवळा झाला.

"पुसू नको म्हन त्यांना," आत्या म्हणाली, आणि तांदूळ तळव्यात घेऊन पुढची ओळ न बघताच धरली.